बिबट्याला खोटं चालत न्हाई

त्या सांजंला आम्ही दोघं उसाला पाणी द्यायला गेलो. पुढं बायको, हातात काठी. मागं मी, हातात बॅटरी. आणि बायको मोठ्यानं गाऊन उसातल्या बिबट्याला मनातलं गाऱ्हाणं सांगत होती. आम्ही जोडीनं केलेलं ते शेवटचं काम.

आमच्या कळंबकडं ऊस दाट, अन् उसात बिबट्या. माणसाचा आवाज आला की तो बाजूला होतो, म्हणून रानात आवाज करत जायचं. कोणी खाकरतं, कोणी मोबाईल लावतं. आमची बाई स्वतः गाणी रचायची. एक ओळ जाताना, दुसरी येताना. आवाज असा, की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री गप बसायची.

मी म्हणायचो, "अगं, देवाचं म्हण की कायतरी."

"देवाला सगळं म्हाईत हाय. अन् बिबट्याला खोटं चालत न्हाई."

हे तिचं पालुपद. तिचं माहेर डोंगरातलं मढ, माहेरचं नाव ठकू. लग्नात आमच्या थोरल्यांनी ताटातल्या तांदळात 'सुलोचना' लिहिलं. ठकू म्हणे घराला शोभत नाही. रेशनकार्डावर सुलोचना, भावकीच्या लग्नपत्रिकेत सुलोचना. उसात शिरली की ठकू:

मढची मी ठकू गं, डोंगराची लेक,
म्हातारा लई घोरतो, बिबट्या जरा ऐक!

माझा धाकटा भाऊ रामभाऊ चिडायचा. "वहिनी, घराण्याचं नाव जातंय."

"भाऊजी, माझं तर लग्नातच गेलं. तुमचं बी जरा जाऊ द्या."

एकदा तर तिनं कहरच केला:

म्हातारा माझा वाळका, नुसतीच रं हाडं,
बिबट्या, त्याला सोड रं, मला त्याचं याड!

सकाळी डेअरीवर कॅन खाली ठेवायच्या आत एकानं हाळी दिली, "काय आबा, याड का?" मी तणतणत घरी आलो.

"चारचौघात असलं गातात व्हय?"

"चारचौघं कुठं व्हती? एकला बिबट्या व्हता. अन् त्यात खोटं काय?"

हाडं तरी खरीच होती.

तर त्या शेवटच्या सांजंला जाताना तिनं ओळ धरली: "ऊस आला डोक्यावर, डोंगर दिसंना..." येताना मात्र गप. मी विचारलं, "दुसरी ओळ कुठाय?"

"सापडंना. उद्या बघू. यमक चुकलं तरी चालंल, खरी पायजे."

रात्री झोपेतच गेली. दुसऱ्या दिवशी माती झाली. पावणेरावळे जमले, "सुलोचना गेली, सुलोचना गेली" म्हणून रडले. मला वाटलं, ही कोण बाई गेली? ठकूसाठी कोणीच रडलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी मी तिची काठी घेतली अन् निघालो. बांधावरूनच तिची ओळ लावली. माझा आवाज म्हणजे फुटका पत्रा. रामभाऊ धावत आला.

"दादा! सुतकात गाणं? लोक काय म्हणतील?"

"बिबट्या सुतक पाळतो व्हय रं? हो बाजूला."

उसात शिरलो. ऊस आला डोक्यावर, डोंगर दिसंना. दुसरी ओळ काही केल्या सुचंना. मग जे होतं तेच म्हणालो:

"ठकू, मला करमत न्हाई."

यमक जुळलं नाही. आणखी मोठ्यानं म्हणालो, अन् उसाला पाणी सोडलं.