सरांचा चहा

हर्षालीचं कॉलेज मोबाइलवर आलं, म्हणजे मास्तर घरी आला, असा तिच्या आजीने, रतनबाईंनी, सरळ अर्थ लावला. आल्या माणसाला चहा विचारायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत नव्हती. तास सुरू झाला की त्या डोक्यावरून पदर घेत आणि सढळ हाताने साखर घातलेला कप मोबाइलसमोर ठेवत. चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेल्या बबनरावांना, म्हणजे हर्षालीच्या वडिलांना, बनियनवर फिरायची बंदी होती. बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून जेवत. तास संपल्यावर सरांचा गार चहा मात्र तेच पीत, आणि तेवढ्यावर शर्ट सोसत.

एवढा थाट कुणासाठी, तर कुणासाठीच नाही. हर्षालीने कॅमेरा कधी सुरूच केला नव्हता. मागच्या पत्र्याच्या भिंतीची आणि दोरीवरच्या कपड्यांची तिला लाज वाटे. आजीने एकदा विचारलं, "सरांना च्या दिसतो न्हवं?" ती "हो" म्हणून बसली, आणि ते "हो" मग रोज निभावावं लागलं.

तोंडी परीक्षेला कॅमेरा सक्तीचा निघाला. हर्षालीने पाठीमागच्या दोरीवर चादर टाकली आणि आज चहा नको म्हणून आजीला बजावलं. पण परीक्षेच्या दिवशीच पाहुणा उपाशी कसा ठेवायचा? रतनबाई कप घेऊन निघाल्या, चादरीत त्यांचा पाय अडकला, आईला सावरायला बबनराव धावले, आणि दोरी, चादर, कपडे सगळं खाली आलं. चहा तेवढा सांडला नाही.

बबनरावांनी मोबाइलला हात जोडले. "राम राम सर. रोज येता, पन बोलनं न्हाई झालं."

पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमधून परीक्षा घेणारे मधुसूदन सर स्क्रीनकडे झुकले. कित्येक महिने ते नावं लिहिलेल्या काळ्या चौकटींना शिकवत होते. आज एकदम माणसं दिसली, आणि त्यांना बरं वाटलं.

रतनबाईंनी कप पुढे धरला. "सर, रोज च्या ठिवते तुमच्याम्होरं. दिसतो न्हवं?"

हर्षालीने मान खाली घातली. मार्क गेले तरी चालतील, पण आजीला खरं कळू नये, असं तिला मनापासून वाटलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कपाकडे.

"दिसतो ना, आजी," ते म्हणाले. "फक्त साखर जरा कमी घालत जा."

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आणि हर्षालीला तो चक्क आला.

पुढच्या तासाला तिने कॅमेरा आपणहून सुरू केला. मागे दोरीवर कपडे वाळत होते. तास संपल्यावर बबनरावांनी सरांच्या कपातला पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सर मानूस चांगला हाय," ते म्हणाले, "पन आमच्या च्याचं वाटोळं केलं."