चकाकीच्या कारणास्तव

सोनपेठेत सरकी-पेंडीचं दुकान चालवणाऱ्या शिवप्रकाश यांनी पांढरी कार घेतली, ती कुटुंबाच्या सोयीसाठी. पेढे वाटताना त्यांनी तसं जाहीरही केलं होतं. पत्नी त्रिवेणी यांची सोय तर ठरलेलीच होती. वालूरला भाचीचा साखरपुडा होता, आणि भावजयीच्या दारात सगळ्या सोयऱ्यांच्या देखत त्यांना गाडीतून उतरायचं होतं. आजवर त्या बसथांब्यावरून पिशव्या सांभाळत चालत जायच्या आणि भावजय दरवेळी मुद्दाम विचारायची, "दमलात का वो, वन्सं?"

अडचण पहिल्याच रविवारी उद्भवली. गाडी घरच्या घरी कशी चमकवावी, याचा एक व्हिडिओ शिवप्रकाशांनी मोबाइलवर पाहिला. एक पाहिला की मोबाइल शंभर दाखवतो. झालं, शाम्पू आला, मेण आलं, एसीच्या जाळीतली धूळ काढायला दाढीचा ब्रश आला. कोणत्या भागाला कोणतं फडकं, याचं धोरण ठरलं. घरातली टूथपेस्ट हेडलाइटकडे वर्ग झाल्यामुळे माणसांनी मिठानं दात घासले.

मग त्यांच्या आई मल्लम्मा बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढायला आल्या.

"आई, थांब. राखेनं चरे पडतेत."

"इभूतीबिगर गाडी दाराबाहेर पडायची न्हाई," मल्लम्मा म्हणाल्या.

प्रकरण काही काळ विचाराधीन राहिलं. अखेर बॉनेटवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवून त्यावर विभूती लावण्यास तात्पुरती मंजुरी देण्यात आली.

पुढे नियम वाढत गेले. डोक्याला तेल लावणाऱ्यांना सीटला टेकण्यास मनाई झाली. जरीनं सीट खरवडते म्हणून जरीला मनाई झाली. पायांना धूळ असते म्हणून पाय वर्ज्य ठरले. धूळ मुळात रस्त्यावरून येते हे लक्षात आल्यावर रस्ताच बंद झाला. शेवटी, इंजिन तापलं तर बॉनेटवरचं मेण वितळेल या शंकेनं इंजिन चालू करणंही पुढील आदेशापर्यंत स्थगित झालं. गाडी मात्र अशी झळकायची की शेजारचा गोपाळ रोज तिच्यात बघून भांग पाडायचा.

"अहो, उद्या साखरपुडा हाय," त्रिवेणी म्हणाल्या. "गाडी न्यायची का न्हाई?"

"न्यायची म्हंजे? न्यायचीच. पर तुझ्या माहेरी डागाळलेली गाडी नेऊ का मी?"

सकाळी हमालांनी ओट्यावरून ढकलत ती गाडी सरकीच्या टेम्पोत चढवली. वर चादर पांघरली. शिवप्रकाश तिच्याशेजारी बसले. सासू-सून एसटीनं निघाल्या, त्याही उभ्यानं.

वालूरच्या वेशीबाहेर एका मातीच्या ढिगावरून गाडी उतरवण्यात आली. तेवढ्यात त्रिवेणी पोचल्या, नखशिखांत धुळीनं माखलेल्या. शिवप्रकाशांनी फडकं पुढं केलं.

"आधी पाय पूस."

"न्हाई पुसत."

त्या चपलांसकट आत बसल्या, जरीसकट बसल्या, आणि तेल लावलेलं डोकं त्यांनी निवांत टेकवलं. सासूबाईंनाही मागं बसवलं. "काढा गाडी."

किल्ली फिरली. गाडी एकदा खाकरली आणि गप्प झाली. इतके दिवस चालवलीच नव्हती, बॅटरी कधीच उतरली होती.

मग टेम्पोवाल्या भागवतनं स्टेअरिंग धरलं, पारावरची मंडळी ढकलू लागली आणि शिवप्रकाश फडकी वाटत मागं पळू लागले. "फडकं लावून ढकला वो, हाताला घाम असतोय." चालू गाडी भुर्रकन निघून गेली असती. ही मात्र सगळ्या गावानं सावकाश बघितली. त्रिवेणींना लय बरं वाटत होतं. त्यांनी हँडल फिरवून काच खाली घेतली.

दारात भावजय उभी. "गाडीला काय झालं वो, वन्सं?"

"काई न्हाई. ढकलायला माणसं ठेवलीत आमी."

भावजय त्यांना आत घेऊन गेली. बैठकीत नवाकोरा सोफा प्लास्टिकमध्ये चमकत होता. "तेवढं सतरंजीवर बसा," ती म्हणाली. "सोफा पावण्यांसाठी हाय." नवरदेवाकडची मंडळी आधीच सतरंजीवर बसलेली होती. शिवप्रकाशांना ती बाई पहिल्यांदाच समंजस वाटली.

तुम्ही हसायलाय, ते दिसायलंय. खुशाल हसा. हसून झालं की तेवढं तुमच्या शोकेसकडे बघा. त्या सोनेरी काठाच्या कपबशा लग्नातल्या ना? परवा आम्ही आलो, तेव्हा चहा तुम्ही स्टीलच्या कपात दिला होता.