सोनूबाईची रात्रपाळी

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या रात्रपाळीच्या परिचारिका रात्री झोपतात, ही गोष्ट परिसरात कुणालाही खटकत नव्हती. रात्र ही झोपण्यासाठीच असते आणि शासनाने निसर्गाच्या विरोधात जाऊ नये, असं एकूण लोकमत होतं. परिचारिकांच्या खोलीत दोन खाटा, एक मच्छरदाणी आणि रुग्णालयातला एकमेव धड चालणारा पंखा अशी सोय होती. खाटा मुळात रुग्णांच्या होत्या. पण रुग्णाचं काय, तो सतरंजीवरही बरा होतो.

अशा सुरळीत चाललेल्या संस्थेत तानसा तलावाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचा सोमा मलेरियाने फणफणत दाखल झाला. सोबत त्याची बायको सोनूबाई होती. तिला एक खोड होती. आजारी माणसाच्या उशाशी बसली की तिचा डोळाच लागत नसे.

पहिल्याच रात्री तिने सोमाची सलाईन संपलेली पाहिली आणि जाऊन परिचारिकांच्या खोलीचं दार वाजवलं.

"शिस्टर, बाटली संपली. नळीत रगत चढतंय."

बऱ्याच वेळाने आतून सिस्टर रेश्मांचा आवाज आला. "नळीवर निळं चाक आहे ना, ते खाली ओढ. आणि दार नीट लाव, डास येतात."

सोनूबाईने चाक ओढलं, रक्त थांबलं. दार लावलं, डास थांबले. एवढ्यानेच एका शासकीय पदाचा कार्यभार हस्तांतरित झाला आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या रात्री सिस्टर रेश्मा काखेत उशी घेऊन वॉर्डात आल्या. त्यांची ही फेरी नियमित असे. खोलीचा रस्ता वॉर्डातूनच जात होता.

"काय गो, आज पण जागीच का?"

"मला झोपच येत नाय."

"बरं झालं. मग सहा नंबरच्या बाईचं चाक पण बघ. आणि तो कोपऱ्यातला नवसूबाबा, दमेकरी, त्याच्या ऑक्सिजनवर लक्ष ठेव. काटा लालवर आला की वॉर्डबॉयला उठव."

"आनि तुमाला?"

"मला कशाला? सिलिंडर उचलायचं काम माझं नाही."

तिसऱ्या रात्रीपासून सगळा वॉर्ड सोनूबाईकडे आला. कुणाची पट्टी सुटली, कुणाला उलटी झाली, कुणाला मुतारीपर्यंत धरून न्यायचं झालं, की हाक तिला. इतर रुग्णांचे नातेवाईक आजवर भीतीपोटी एक डोळा उघडा ठेवून झोपत. आता ते दोन्ही डोळे मिटू लागले. काही जण तर 'वॉर्डात सोय आहे' म्हणून रात्री घरी जाऊ लागले. लोक तिला 'रात्रीची शिस्टर' म्हणत. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा सोनूबाईला बरं वाटलं होतं. जन्मभर ती मजुरीला गेली तिथे बांधावर उभ्या असलेल्या मालकाने तिला 'ए' म्हणूनच हाक मारली होती.

सोमाचा ताप उतरला. तो भिंतीला टेकून दोन वेळची खिचडी मागून खाऊ लागला, तेव्हा सोनूबाईने वैद्यकीय अधीक्षकांना गाठलं.

"साहेब, आमाला सोडा आता. भात पिकून उभा हाय. माजी जाऊ हिरी रोज फोन करते, दाणा झडाया लागला म्हनून."

अधीक्षकांनी सिस्टर रेश्मांकडे पाहिलं. सिस्टर गंभीर झाल्या. "सर, रुग्ण बरा आहे. पण नातेवाईक अजून सोडण्याच्या स्थितीत नाही."

अधीक्षकांना पेच कळला. नातेवाईक ठेवून घ्यायचा तर नियमाप्रमाणे रुग्ण असायला हवा, आणि रुग्ण असायचा तर ताप हवा. शासकीय यंत्रणेत मार्ग निघतोच. त्या संध्याकाळपासून सोमाला रोज ताप येऊ लागला.

"मला नाय ताप," सोमा म्हणाला.

"नाही कसा? चढलाय," सिस्टर रेश्मा म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा जास्त थर्मामीटरला कळतं."

"पन थर्मामीटर लावलाच कुठं?"

"इतका ताप असताना लावला तर फुटेल."

सोमा पुन्हा आडवा झाला. खिचडी वाईट नव्हती आणि कापणी अवघड होती. त्याला हळूहळू खरंच कणकण वाटू लागली.

सोनूबाईने मग स्वतःच तोड काढली. सकाळी जीपने पाड्यावर जायचं, दिवसभर हिरीबरोबर भात कापायचा, भारे खळ्यावर टाकायचे आणि दिवेलागणीला वॉर्डात हजर व्हायचं. सिस्टर रेश्मांनी या व्यवस्थेला मोठ्या मनाने संमती दिली. "दिवसा कुठेही जा," त्या म्हणाल्या, "दिवसा आम्ही जाग्या असतो." एकदा जीप चुकल्यामुळे सोनूबाईला उशीर झाला, तर सिस्टर दारात उभ्या. "ही काय यायची वेळ? माझे डोळे जड झाले होते!"

दरम्यान रुग्णालयातल्या रात्रीच्या तक्रारी पार बंद झाल्याचं वरिष्ठांच्या ध्यानात आलं. ठाण्याहून एक पथक आलं. पथकप्रमुखांनी रात्री वॉर्ड पाहिला. रुग्ण झोपलेले, नातेवाईक झोपलेले, सगळीकडे शांतता, आणि एक बाई चवड्यावर चालत बाटल्या बघते आहे.

"या कोण?"

"लोकसहभाग, सर," अधीक्षक म्हणाले.

पथकप्रमुखांचे डोळे भरून आले. महिनाअखेरीस सिस्टर रेश्मांचा 'जागृत सेविका' म्हणून शाल-श्रीफळ देऊन गौरव झाला. भाषणात त्या म्हणाल्या की हे यश माझ्या एकटीचं नाही, रात्रीच्या वेळी मला साथ देणाऱ्या सगळ्यांचं आहे. टाळ्या झाल्या. सोनूबाई तेव्हा शेतात होती. 'प्रत्येक वॉर्डात जागरणाची जबाबदारी एका जागरूक नातेवाइकाकडे सोपवावी,' असा आदेशही निघाला. त्यामुळे इतके दिवस जे नुसतं चाललं होतं, ते आता कायदेशीर झालं.

माणूस किती दिवस झोपेशिवाय राहू शकतो, याचा विचार आदेशात नव्हता.

शेवटचा भारा खळ्यावर पडला त्या दिवशी सोनूबाईच्या हातांना विळ्याची मूठ धरून धरून घट्टे पडले होते. ती वॉर्डात आली, सगळ्या बाटल्या पाहिल्या, नवसूबाबाचा काटा पाहिला, आणि घटकाभर पाठ टेकावी म्हणून भिंतीशी बसली. बसली ती झोपली. कुणी गोणी टाकून द्यावी तशी.

नवसूबाबाचा काटा लालवर आला. मग लालच्याही खाली गेला. म्हातारा उठून बसला, तोंड उघडून हवा ओढू लागला. नेमका त्याचा पुतण्या सुदाम त्या रात्री आला होता. कल्याणला नोकरीला असलेला, शिकलेला, हक्कांची जाणीव असलेला तरुण. तो ताडकन उठला. त्याने आधी काका पाहिला, मग सिलिंडर पाहिलं, मग घोरणारी सोनूबाई पाहिली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याने मोबाइल काढला.

आधी सिलिंडर घेतलं. मग काका घेतला. "देखो, ये हाल आहे आपल्या सरकारी दवाखान्याचं," तो दबक्या आवाजात म्हणाला, कोणी जागं होऊ नये म्हणून. "पेशंटची फुल वाट लागलीय आणि सिस्टर मस्त झोपलीय." काका हाताने काहीतरी खुणावत होता. सुदामने ते क्लोज-अप घेतलं. मग तो सोनूबाईजवळ गेला आणि चेहरा स्पष्ट यावा म्हणून त्याने मोबाइलचा दिवा तिच्या डोळ्यांवर धरला.

त्या उजेडाने सोनूबाई जागी झाली. तिने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं आणि धावली. वॉर्डबॉयला लाथेने उठवलं, त्याच्याबरोबर नवं सिलिंडर ओढत आणलं, म्हाताऱ्याच्या पाठीला आपली छाती देऊन त्याला ताठ बसवलं, आणि सकाळपर्यंत "घे बाबा, घे, वढ दम" म्हणत तशीच बसून राहिली. नवसूबाबा वाचला. हे सुदामने घेतलं नाही. ती उठल्यावर व्हिडिओत दम राहिला नव्हता.

चौकशी समिती बसली. अधीक्षकांनी सुदामला विचारलं, "तुम्ही जागे होतात, तर यांना हाक का नाही मारलीत?"

"हाक मारली असती तर झोपलेली कशी दाखवणार?" सुदाम म्हणाला. "प्रूफ पाहिजे ना, सर."

समितीला हे पटलं. सिस्टर रेश्मांवर ठपका ठेवता येत नव्हता. आदेशानुसार त्या रात्री जागं राहण्याचे अधिकारच त्यांच्याकडे नव्हते. वॉर्डातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी साक्ष दिली की ती बाई रात्रभर झोपली होती. आपण स्वतः डाराडूर असताना हे कसं पाहिलं, ते समितीने विचारलं नाही.

"मी नोकरीला नाय साहेब," सोनूबाई म्हणाली. "मी माझ्या दाल्ल्याजवळ बसले होते."

"म्हणूनच तुम्हाला निलंबित करता येत नाही, याचं आम्हाला दुःख आहे," समितीचे अध्यक्ष म्हणाले. यापुढे कोणत्याही शासकीय रुग्णालयात नातेवाईक म्हणून राहण्यास सोनूबाई अपात्र आहे, असा निर्णय झाला. सोमाचा ताप त्याच दुपारी उतरला.

व्हिडिओ मात्र खूप चालला. शहापुरात, मुरबाडात, भातसानगरच्या वसाहतीत, कसाऱ्याच्या फलाटावर, आणि तिथून पुढे सगळीकडे. खाली 'झोपलेली सिस्टर' असं लिहिलेलं आहे. दोन शब्दांपैकी एकच खरा आहे, पण त्याने काही अडलं नाही. तुमच्याकडेही तो आलाच असेल. तुम्ही "काय हा निर्लज्जपणा" असं लिहून तो चार जणांना पाठवला असेल. श्वासासाठी तडफडणाऱ्या म्हाताऱ्यापासून दीड हातावर उभं राहून हे चित्रीकरण करतंय तरी कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला नाही. पडणार कसा? तुम्ही त्याच जागेवर उभे होता.