निरर्थक भाग वगळणे

माणसाचे आयुष्य मुळातच फार लांब असते आणि ते बघायला कोणालाही वेळ नसतो. या गंभीर समस्येवर व्यावसायिक दर्जाचे व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर हा एकमेव तोडगा आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो.

आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचे पाच तासांचे चित्रीकरण माझ्याकडे होते.

"फार काही करू नकोस रे," आई म्हणाली. "धाकटा आणि हे सोफ्यावर बसलेत ना, तेवढंच मला बघायचंय."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचा आणि बाबांचा नऊ वर्षे अबोला होता. त्या दिवशी तो आला, बाबांशेजारी बसला आणि संध्याकाळच्या विमानाने परत गेला. पुन्हा येईल याची आईला खात्री नव्हती. परंतु कच्चे चित्रीकरण घरच्यांना दाखवणे नियमात बसत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. (नियम मीच केला होता.)

पहिले तीन महिने मी सॉफ्टवेअर न उघडता, ते कसे उघडावे याचे व्हिडिओ पाहिले. एकूण दोनशे चौदा. त्यांपैकी एकशे नव्वदांत शिकवणारा घंटेचे बटण दाबायला सांगत होता. मी प्रत्येक वेळी दाबले. चौथ्या महिन्यात सॉफ्टवेअर उघडले आणि पहिल्याच क्लिकमध्ये बाबा निळे झाले. त्यांना पूर्ववत करायला सहा आठवडे लागले, तरी ते थोडे पिवळट राहिलेच. "कावीळ झालीये का त्यांना?" बायकोने विचारले. कलेची जाण सर्वांनाच नसते.

आई रोज विचारायची, "झालं का रे?" मी सांगायचो, "रेंडर होतंय." (रेंडर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, पण हा शब्द ऐकला की घरातली माणसे गप्प बसतात.)

अकराव्या महिन्यात मला ते बटण सापडले: 'निरर्थक भाग वगळा'. जिथे कोणी बोलत नाही, काही हलत नाही, तो भाग सॉफ्टवेअर स्वतःच शोधून कापते. पाच तासांची चार मिनिटे झाली. जवळजवळ नव्व्याण्णव टक्के पाल्हाळ गेला. मूळ फाइली जपणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नसतो, असे शिकवणारा म्हणाला होता. मी त्या लगेच पुसून टाकल्या.

रविवारी सगळ्यांना खुर्च्या मांडून बसवले. धुरातून शीर्षक आले, काकांचे भाषण आले, केक कापला गेला, संपले. टाळ्या पडल्या. "छान झालंय," म्हणत बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

"ते दोघं कुठे गेले रे?" आईने विचारले.

"तिथे काही घडतच नव्हतं, आई. एकोणीस मिनिटं नुसते गप्प बसले होते."

"ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. काढलाच नव्हता."

मी सॉफ्टवेअर उघडले आणि 'पूर्ववत करा' दाबले. (पुसलेल्या फाइली परत आणण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाही.)

त्यानंतर आई जे बोलली ते मी आधी शब्दशः लिहिले होते. ती मध्ये बराच वेळ थांबत होती, त्यामुळे ते दीड पान झाले. ते मी इथून वगळले आहे. रागावू नका, ते असते, तरी तुम्ही ते न वाचता सरळ या ओळीवर आला असतात.