बिनविरोध वेंडेल

"मी स्वतःला मत देणार नाही. गरजच काय!" वॅफलवर मेपलचा पाक ओतत वेंडेल स्ट्रूपने भरल्या सभागृहात जाहीर केलं. भरल्या म्हणजे अकरा माणसं. सभागृह म्हणजे कॅन्ससमधल्या एका मोटेलची नाश्त्याची खोली!

किलोमीटर पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन होतं. अमेरिकेतून मैल हद्दपार करायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. एकवीस वर्षं पक्षाचा चिटणीस असलेला वेंडेल यंदा राष्ट्राध्यक्षपदाचा एकमेव इच्छुक होता. आपण काही निवडून येत नाही, हे त्यालाही कळत होतं हो! पण उमेदवार गावोगाव जातो, कुणीतरी त्याला घ्यायला स्टेशनवर येतं, आग्रहाने जेवायला थांबवतं. बायको आर्डिथ गेल्यापासून चार वर्षं वेंडेलची वाट कुणीच पाहिली नव्हती.

मतदान सुरू झालं. या पक्षाच्या मतदानात 'कोणीही नाही' हा पर्याय कायमचाच. अध्यक्ष ग्लेन राज्य पुकारायचा, प्रतिनिधी उठून आधी राज्याचे गोडवे गायचा, मग मत द्यायचा.

"महान आयोवा! मक्याचं माहेरघर, डुकरांची राजधानी! आमचं मत वेंडेलला!"

टाळ्या! वेंडेलने झकास मान लववली.

"महान ओहायो! राष्ट्राध्यक्षांची खाण!" लोरेटा पिकेट खाली बघत म्हणाली, "कोणीही नाही."

वेंडेलचा काटा बशीत पडला. मग इंडियानाही फिरलं. मेनही फिरलं!

"पाच-पाच!" ग्लेन ओरडला. "उमेदवाराचं राज्य रिवाजाप्रमाणे शेवटी. बोल नेब्रास्का!"

वेंडेल उठला. नुसतं स्वतःचं नाव घ्यायचं होतं. पण मघाची फुशारकी साऱ्यांनी ऐकलेली!

"महान नेब्रास्का..." त्याला पुढचं काही सुचेना. "जिथली माणसं दिलेला शब्द पाळतात." झालं! आपल्याच हाताने पायावर धोंडा! "कोणीही नाही," तो पुटपुटला.

"सहा विरुद्ध पाच! 'कोणीही नाही' विजयी!" ग्लेनने हातोड्याऐवजी वॅफलचं उलथनं टेबलावर आपटलं. "आता विजयी उमेदवाराचं भाषण. दहा मिनिटं."

नियम तो नियम! सगळे दहा मिनिटं रिकाम्या जागेकडे बघत बसले. शेवटी दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

वेंडेल गुपचूप बाहेर येऊन गाडीत बॅग ठेवत होता. मागून लोरेटा आली.

"रुसलास होय रे?"

"समोर कुणी नसताना पाडलंत मला!"

"मग काय करणार? तू नोव्हेंबरपर्यंत देशभर हिंडणार. रविवारचा फोन कोण करणार?"

"कुठला? बैठकीची आठवण करून द्यायचा?"

"तोच! बैठक वर्षातून एक आणि आठवण बावन्न वेळा! अरे, आठवडाभरात माझा फोन तेवढाच वाजतो. आम्हा पाचही जणांचं तेच."

वेंडेलने हातातली बॅग खाली ठेवली. तोही दर रविवारी त्याचसाठी तर फोन करायचा. कुणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून! त्याने डोळे पुसले.

"आणि ज्या पाच जणांनी मला मत दिलं ते?"

"ते होय?" लोरेटा म्हणाली. "त्यांना तो फोन बंद व्हायला हवा होता."