किटली उकळेपर्यंत धार

डॉक्टर टिपणीसांच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, औषधालाही केस सापडणार नाही. उजवा हात अस्वलाचा, डावा नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा. कारण पात्याला धार लागली की नाही, हे ते हातावरचे केस भादरून बघतात. स्वतःचा हात संपला की माझ्यासारख्या पाहुण्याचा. "काळे, बाही वर करा," एवढंच म्हणतात, आणि माणूस करतोही, कारण डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत आणि निम्मी भूल त्यांच्या आवाजानेच चढते. आयर्लंडमधल्या आमच्या किलकेनीत मराठी माणूस ओळखायला त्याचं बोलणं ऐकायची गरज नाही. डावा हात बघितला की पुरे.

ही पाती म्हणजे शिकारीच्या बाणाची, रुंद, पिंपळपानाच्या आकाराची. धनुष्य साधं लाकडी. कप्प्या, दुर्बिणी असली थेरं नाहीत. आता आयर्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी. शिवाय डॉक्टर शाकाहारी. घरात कोळी निघाला तर त्याला पोस्टकार्डावर बसवून बागेत पोचवतात आणि "सांभाळून जा" म्हणतात. तरीही शिकारीला कुठलं पातं घ्यावं, हा विषय निघाला की संपलं. एकदा मी लिक्सलिपला कामावर जाताना त्यांना गाडीत घेतलं. ते कडक पोलादापासून सुरू झाले. मऊ पोलादापर्यंत पोचले तेव्हा माझं ऑफिस, डब्लिन आणि जवळजवळ आयरिश समुद्र मागे पडला होता.

त्यांचं म्हणणं असं. "कडक पोलादाची धार टिकते, मान्य. पण एकदा गेली की घरी लावता येत नाही, फार अडेलतट्टू. मऊ पातं लवकर बोथट होतं, पण ऐकतं हो. दोन धारांचं, अखंड, मऊ पातं घ्या. साध्या कानशीने किटली उकळेपर्यंत धार लागली पाहिजे. नाही लागली तर ती शोकेसमध्ये ठेवायची वस्तू."

हसू नका. या माणसाचे माझ्यावर असे उपकार आहेत की मी त्यांची पोलादपुराणं जन्मभर ऐकेन. आमच्या मुलीच्या, रेवाच्या, वेळी माझ्या बायकोचं, सुनंदाचं, सिझेरियन करायचं ठरलं. ती भीतीने इतकी कापत होती की पलंग सरकत सरकत दारापर्यंत आला होता. पाठीत सुई द्यायला आले टिपणीस. म्हणाले, "वहिनी, पुढे वाका, आणि मला सांगा, तुमच्या विळीला शेवटची धार कधी लावलीत?"

"डॉक्टर, ही वेळ आहे का विळीची?" सुनंदा कडाडली. मग आईने दिलेली विळी बॅगेत साडीत गुंडाळून कशी आणली, इथे तिला धार लावणारा कसा कुणी मिळत नाही, हे तिने रागारागाने सांगितलं. सांगून होईतो सुई देऊन झाली होती. पोरगी रडायला वेळ लावत होती, तेव्हा ड्यूटी संपलेली असूनही डॉक्टर हलले नाहीत. ती रडली, मग मी रडलो, मग ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. "पेढे नकोत. विळी आणा," म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी विळी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात.

तिथे डेक्लन आणि त्याचे मित्रही असत. डेक्लन मेंढ्या पाळणारा, दाराएवढा रुंद गडी. ही मंडळी वर्षातून एकदा हंगेरीला जाऊन रानडुकराची शिकार करत, तिथे परवानगी असते म्हणून. वर्षभर इथे सराव, आणि पाती डॉक्टरांकडे. कानशी, चामड्याचा पट्टा, आल्याचा चहा. चहाला डेक्लन औषध म्हणे आणि तीन कप औषध पिई.

एका शनिवारी डेक्लनने खिशातून नवी पाती काढली. दाढीच्या ब्लेडसारखी: बोथट झालं की फेका, नवं सरकवा. "आम्ही सगळे हीच मागवणार म्हणतोय," तो जरा चाचरत म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "किटली ठरवेल," ते म्हणाले.

दोघांनी बागेतल्या वाळूच्या ढिगात बाण मारून पाती बोथट केली. डॉक्टरांनी किटली काठोकाठ भरली आणि बटण दाबलं. किटलीने हूं की चूं करण्याआधी डेक्लनचं ब्लेड बदलून झालं. डॉक्टर कानस चालवतच राहिले. किटली उकळली, तेव्हा त्यांचंही झालं. माझ्या हातावर दोन्ही सारखीच चालली.

डॉक्टरांनी नवं ब्लेड उजेडात धरलं. "चांगलं आहे. खरंच चांगलं आहे," ते म्हणाले. "फक्त, मग चहा होईपर्यंत आपण करायचं काय?"

रुग्णाला दुखतं कुठे विचारावं, तसं सरळ विचारलं. माझं लक्ष ओट्याकडे गेलं. घरात राहणारा माणूस एक, आणि कप मांडलेले आम्हा सगळ्यांचे. डेक्लनच्या कपात साखरसुद्धा घालून ठेवलेली.

डेक्लनने ब्लेडांचं पाकीट खिशात टाकलं. "माझ्या जाड बोटांना ही बारीक ब्लेडं धरवत नाहीत, डॉक्टर. जुनीच ग्रँड, झकास." याच बोटांनी आत्ता ब्लेड बदललं होतं, याची आठवण कुणीही काढली नाही.

पुढच्या शनिवारी मी फाटकाशी पोचलो तर कुंपणाच्या भिंतीआड डेक्लन उकिडवा बसलेला. बाणाचं चांगलं धारदार पातं दगडावर खरखरा घासत होता.

"डुकराला लागलं वाटतं?" मी विचारलं.

"भिंतीला," तो शांतपणे म्हणाला. मग त्याची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या विळीवर गेली. तिच्या पात्यावर सिमेंटची करडी पूड होती. आमच्या मागच्या दाराच्या पायरीची. सुनंदा दर शनिवारी जेवणं झाली की न चुकता विळी घेऊन तिथे बसते.

"ती पूड पूस," डेक्लन म्हणाला. "युवर मॅनचे, आपल्या डॉक्टरांचे, डोळे फार तीक्ष्ण आहेत."

मी रुमालाने विळी पुसली, त्याने पातं विजारीला पुसलं, आणि आम्ही बेल दाबली. आत नळाखाली किटली भरल्याचा आवाज येत होता, काठोकाठ.

"या, या," आतून डॉक्टर म्हणाले. "फार बोथट झालंय का?"

"फारच," आम्ही दोघं म्हणालो, आणि बाह्या वर केल्या.