पाचपैकी किती?

आमच्या कॉलेजातल्या मोरेश्वर कोळी सरांना वाढदिवसाचा केक खाऊ घातला, तर पहिला घास गिळायच्या आधीच ते विचारतात, "पाचपैकी किती?" मग स्वतःच साडेतीन देतात आणि क्रीम जास्त झाल्याचं कारण सांगतात. केक माझ्या वाढदिवसाचा होता, हे इथे नमूद करते.

हा माणूस आमच्या नेरूळच्या कॉलेजात अभ्यासक्रम मूल्यमापनाचा प्रमुख आहे. म्हणजे मुलांकडून प्रत्येक कोर्सचे फॉर्म भरून घ्यायचे, सरासरी काढायची, आणि सलग दोन वर्षं तीनच्या खाली आलेला कोर्स बंद करायचा. शिकवण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण शिकवल्याचा पुरावा मात्र हवा. प्रत्येक तासाला वर्गाचा फोटो काढायचा, त्यावर जागा आणि वेळ उमटलेली पाहिजे. एकदा माझ्या तासाला कविता ऐकून दोन मुली रडल्या. मी कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणाले, "फोटो आहे का?"

सर लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी पोह्यांना मार्क दिले होते, असं स्टाफरूममध्ये सांगतात. लग्न काही जमलं नाही.

माझा कवितावाचनाचा कोर्स त्यांनी गेल्या वर्षी बंद केला. सरासरी दोन पूर्णांक नऊ. बारा वर्षं जीव ओतून शिकवलेला कोर्स एका दशांशाने गेला. मी भांडायला गेले, तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पर्सनली घेऊ नका. आकडा आहे." मी पर्सनलीच घेतलं. त्या दिवसापासून हा माणूस तोंडघशी कधी पडतो याची मी वाट बघत होते.

यंदा संधी आली. सर स्वतः 'खाडीचं पर्यावरण' नावाचा एकच कोर्स शिकवतात, दर गुरुवारी, ३०४ नंबरच्या वर्गात. सहा मुलं, त्यातली चार पेंगणारी. गेल्या वर्षी तो तीनच्या खाली होता. यंदाही आला, की बंद. आता सर आपल्याच कोर्सचे आकडे फिरवणार याची मला खात्री होती, आणि कोर्स बंद करायचे की नाही ते ठरवणाऱ्या समितीवर मी होते. शिवाय त्या वर्गाशी माझं जुनं वैर. त्यांच्या तासानंतर तिथे मासळीचा वास यायचा. मी लेखी तक्रारही केली होती. सरांनी ती नोंदवून खाली लिहिलं, 'कार्यवाही: खिडक्या उघडल्या.'

बैठकीच्या आदल्या दुपारी मी सरांच्या टेबलाशी, त्यांच्यासमोरच बसून फाइल उघडली. घोळ काही सापडेना. सहा फॉर्म, सरासरी दोन पूर्णांक चार. एकाने लिहिलं होतं, 'सर बोलतात पण थांबत नाहीत.' खाली सरांची स्वतःच्या सहीने शिफारस, 'कोर्स बंद करावा.' मला उलट रागच आला. माणसाने निदान स्वतःसाठी तरी थोडी लबाडी करावी.

मग फोटो चाळले. प्रत्येक फोटोत शेवटच्या बाकावर एक म्हातारी बसलेली. पायाशी मासळीची रिकामी पाटी. पहिल्या गुरुवारी होती, शेवटच्याही. आणि फाइलच्या तळाशी सातवा फॉर्म होता. त्यावर लाल पेनाने लिहिलेलं, 'नोंदणी नाही. ग्राह्य धरू नये.' सगळ्या प्रश्नांना पाचपैकी पाच. कारणाच्या रकान्यात वाकडी, मोठी अक्षरं होती: 'माजं पोर घरान बोलत नाय. हितं बोलतं. म्हनून येते.'

हा कुणाचा, म्हणून मी विचारलं.

"आईचा," सर म्हणाले. "गुरुवारी दिवाळे कोळीवाड्यातून इकडे मासळी विकायला येते. विकून झाली की वर्गात बसते. नियमात बसत नाही, म्हणून मीच बाजूला काढला."

मला माझी ती तक्रार आठवली आणि मनापासून लाज वाटली. म्हटलं, सर, कोर्स गेला तर जाऊ दे, हे सगळं तिला घरीच सांगा की.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घरी काय बोलू, मॅडम? बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. जेवलीस का, याच्या पुढे मला सुचत नाही. इथे सिलॅबस असतो."

दुसऱ्या दिवशी कोर्स बंद झाला. मीही हात वर केला. नसता केला, तर सरांनीच मला कारण विचारलं असतं.

पुढच्या गुरुवारी म्हातारी सवयीने आली आणि जिन्यापाशी घुटमळत उभी राहिली. मी तिला ३०४ मध्ये नेऊन पहिल्या बाकावर बसवलं, शेजारी मी बसले, आणि सरांना निरोप धाडला की मला खाडीतलं काहीच कळत नाही, येऊन शिकवा. सर आले. आधी फोटो काढला, मग तासभर बोलले. इतकं रटाळ मी जन्मात ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांनी फॉर्म पुढे केले. मी प्रामाणिकपणे दोन दिले. म्हातारीने पुन्हा पाच दिले. सरांनी माझा फॉर्म फाइलला लावला, आणि तिचा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.